लॅब बंद, तास चालू

आमच्या बीड जिल्ह्यातल्या कॉलेजात इंग्रजीचे जादा तास आज पुन्हा सुरू झाले. बिनपैशाचे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) बाराव्या योजनेत (२०१२-१७) रेमेडियल कोचिंगला, म्हणजे मागे पडलेल्या पोरांच्या अशा जादा तासांना, वेगळा निधी असायचा, त्यातून शिकवणाऱ्याला मानधन, पोरांना पुस्तकं. पंचवार्षिक योजनाच संपल्या. लँग्वेज लॅबचे हेडफोन कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे.

मग पोरांना सांगितलं, घरात इंग्रजीत छापलेलं जे सापडेल त्याचा फोटो काढून आणा. एकानं कीटकनाशकाच्या लेबलचा आणला. वडील सोयाबीनवर फवारतात, पण ती बारीक अक्षरं घरात कुणी वाचलीच नव्हती. त्यावरच्या रंगीत त्रिकोणावर वर्ग अर्धा तास अडकला. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची पोरगी उभी राहून म्हणाली, "सर, येलो इज लेस दॅन रेड, बट डेंजर ओन्ली!" मी व्याकरण दुरुस्त केलं नाही. आज नाहीच.

तास मधल्या सुट्टीत ठेवलाय, कारण संध्याकाळची एसटी चुकली की पोरी घरी कशा जाणार? तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्यांना वाचून घेतात. कुरबुरी आहेतच.

बाकी "किती छान उपक्रम" म्हणू नका राव. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासापुरतेच पैसे मिळणाऱ्या माणसानं आणखी किती फुकट शिकवायचं?

उद्या बँकेचा केवायसी फॉर्म घेतोय. कुणाकडे विम्याचे जुने कागद असतील तर नाव-नंबर खोडून पाठवा.