अक्षरासाठी गेले आणि कोरी शिळा पाहिली

चीनमधल्या शीआन शहरातले पहिले तीन दिवस मातीचे सैनिक आणि गर्दी पाहण्यात संपले. चौथ्या दिवशी मी केवळ एका अक्षरापायी सुमारे ८० किलोमीटरवरच्या छ्येनलिंग या, चिनी राणी वू झेतियान आणि तिच्या नवऱ्याच्या समाधिस्थळी गेले. वाटेत गाडीचालकाने जेडच्या दुकानात पाऊण तास अडकवून ठेवले, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

वू झेतियानच्या सत्ताकाळात, ६८९ साली, काही नवी अक्षरे प्रचारात आणली गेली. त्यांतले एक तिने स्वतःच्या नावासाठी घेतले. त्यात वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी आहेत आणि खाली ‘आकाश’ किंवा ‘रिकामे’ या अर्थाचे चिन्ह आहे. उच्चार ‘चाओ’, म्हणजे ‘उजळणे’ या अर्थाच्या नेहमीच्या अक्षरासारखाच. पुढच्याच वर्षी ती स्वतः सम्राटपदावर बसली. आपल्याकडच्या दानलेखांच्या शिळांवरही माथ्याला सूर्यचंद्र असतात, पण तिथे ते दान चिरकाल टिकावे म्हणून साक्षीला बोलावलेले असतात. स्वतःच्या नावातच त्यांना बसवून घेण्याचे धाडस मला अधिक आवडले. ७०५ मध्ये तिची सत्ता गेली आणि अक्षरेही मागे पडली.

समाधीपुढची तिची शिळा सात मीटरांहून उंच आहे आणि ती उभारली तेव्हा तिच्यावर एकही अक्षर नव्हते. तिची थोरवी शब्दांत मावत नव्हती, किंवा निवाडा तिने पुढच्या पिढ्यांवर सोडला, असे सांगतात. मला दोन्ही पटत नाहीत, कारण समोरच नवऱ्याच्या शिळेवर तिने रचलेला भलामोठा मजकूर आहे आणि तिला शब्दांची वाण नव्हती. कोरी जागा पुढच्यांना मात्र सोसवली नाही. गडांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्या आपल्या मंडळींचे पूर्वज तिथेही होते म्हणायचे! त्यांतला ११३४ सालचा, खितान या उत्तरेकडच्या लोकांच्या लिपीतला लेख, शेजारी चिनी भाषांतर असल्यामुळे, आज अभ्यासकांच्या फार उपयोगी पडतो, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

शिळेवर ते अक्षर शोधून मी थकले, तेव्हा वहीत काढून आणलेले अक्षर तिथल्या वयस्कर पहारेकऱ्याला दाखवले. त्याने मान हलवली, शिळेकडे बोट दाखवून काहीतरी म्हटले, आणि मग आपल्या तळहातावर बोटाने ते सावकाश गिरवले: सूर्य, चंद्र, आकाश. मी माझा तळहात पुढे केल्यावर त्याने तिथेही ते काढून दिले. फाटकापर्यंत येईतो मी ते आठवून गिरवत होते आणि आकाशाच्या रेघा दर वेळी चुकत होत्या.