तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या नाटकातले संवाद घेऊ का?

नाट्यशिबिरात हा प्रश्न हमखास येतो. "सर, एका गाजलेल्या नाटकावर टीका करणारी एकांकिका लिहायची आहे. त्यातलेच संवाद घेतले तर कॉपीराइटची केस होईल का?"

मी आधी केरळमधल्या खटल्याची हकिकत सांगतो. तोप्पिल भासी यांचं 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत' हे 1952 चं मल्याळम नाटक तिकडे अफाट गाजलं. चार दशकांनी सिविक चंद्रन यांनी त्याचं प्रतिनाटक लिहिलं, 'तुम्ही कम्युनिस्ट केलंत कोणाला?' चळवळीसाठी रक्त सांडलेल्या दलित मजुरांच्या पदरात काय पडलं, हा त्यांचा सवाल होता. तो विचारायला त्यांनी मूळ नाटकातलीच पात्रं आणि प्रसंग घेतले. दुसरं काय घेणार? भासींच्या वारसांनी दावा लावला, खालच्या कोर्टाने मनाई केली. 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती उठवली. मजकूर घेतला होता तो टीकेसाठी, मूळ नाटकाचा प्रेक्षक पळवण्यासाठी नव्हे.

1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 टीकेसाठी आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मोकळीक देतं. विडंबन हा शब्द मात्र त्यात नाही. केशवकुमारांची विडंबनं पिढ्यान्पिढ्या वाचणाऱ्या मराठी माणसाला ही उणीव खुपायला हवी. मला फार खुपते.

लेखकाचा हक्क मी मानतो. नाटककाराचं मानधन बुडवणाऱ्यांशी मी भांडलो आहे. पण हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो. तेवढा काळ टीकेसाठीही वारसांची परवानगी काढायची म्हटलं, तर ती देणार कोण?

आमच्या गटाला एकदा वकिलाची नोटीस आली होती. कायदा आमच्या बाजूने होता, असं मला आजही वाटतं. पण प्रयोग चार दिवसांवर आलेला आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत. आम्ही सात संवाद कापले. नाटक उभं राहिलं, पण कोणाशी भांडतंय ते प्रेक्षकांना कळलंच नाही.

तेव्हा, केस होऊ शकते. संहितेच्या समासात प्रत्येक उसन्या संवादापुढे लिहा, याला माझं उत्तर काय आहे. जिथे लिहिता येणार नाही तो संवाद आजच काढा. बाकीचे नोटिशीच्या भीतीने आधीच कापू नका.