तुम्ही विचारलंत म्हणून: सिद्ध होत नाही, म्हणजे नेमकं काय?

नागपुरात धरमपेठेत माझ्याकडे गणिताला येणाऱ्या पोरांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच, "सर, गणितातही सगळं सिद्ध होत नाही म्हणतात. मग आम्ही सिद्धता लिहितो काहून?" पालकांचा सूर वेगळा असतो. गणितालाच मर्यादा आहे ना, मग आमच्याकडे पुरावा कशाला मागता?

मी आधी फळ्यावर 28 = 11 + 17 लिहितो, मग 100 = 47 + 53. दोनपेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा 1742 सालचा अंदाज. संगणकांनी चारवर अठरा शून्यं इथपर्यंत तपासला, एकही अपवाद सापडला नाही. तरी तो सिद्ध नाही. पोरांना हे पटत नाही, म्हणून पोल्या या गणितज्ञाचा, संख्यांच्या मूळ अवयवांविषयीचा अंदाज सांगतो. तोही लहान संख्यांना बरोबर लागू पडत गेला आणि 90,61,50,257 ला मोडला. नव्वद कोटींपर्यंत खरं, पुढे खोटं!

हे झालं 'अजून सिद्ध नाही'. 'सिद्ध होऊच शकत नाही' ही वेगळी गोष्ट. सप्टेंबर 1930 मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सबर्गला 24 वर्षांच्या कुर्ट ग्योडेल या तर्कशास्त्रज्ञाने ती मांडली. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात थोर गणिती हिल्बर्ट भाषणात म्हणाले, "आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळणारच." ते वाक्य पुढे त्यांच्या थडग्यावर कोरलं गेलं. मला ते अजूनही प्रिय आहे.

ग्योडेल समजवायला मी पोरांना झिरो माईल या आमच्या शहरातल्या जुन्या दगडी खुणेपाशी नेतो. तिथला 1907 चा दगड समुद्रसपाटीपासून 1020 फुटांच्या जरा वर आहे. नाव झिरो, पण उंचीचा शून्य दूर समुद्रापाशी, आणि तोही आपण मानलेला. सिद्धताही अशीच कुठल्यातरी गृहीतकांपासून, म्हणजे सिद्ध न करता मानलेल्या विधानांपासून मोजली जाते. ग्योडेलने दाखवलं की गृहीतकं परस्परविरोधी नसतील आणि त्यांत अंकगणित मावत असेल, तर नियमाने मांडता येणारी गृहीतकांची कुठलीही यादी घ्या, काही खरी विधानं तिच्यातून निघतच नाहीत. ती नवी गृहीतकं म्हणून जोडा, दुसरी उरतात. आणि हे सगळं त्याने सिद्ध केलं! मर्यादासुद्धा सिद्धतेनेच कळली, म्हणून पोरांनो, सिद्धता लिहायची.

पालकांना मात्र मी थांबवतो. मागे एक गृहस्थ म्हणाले, अमुक मुळी उगाळून घेतली की साखर उतरते, विज्ञानाला ते सिद्ध करता येत नाही. मी विचारलं, "घेण्याआधी साखर किती होती?" आठवत नव्हतं. "नंतर?" मोजलीच नव्हती. ग्योडेलचा इथे काही संबंध नाही हो. हे न तपासलेलं आहे, आणि तपासता येण्यासारखं आहे. अशा वेळी त्याचं नाव पुढे केलं की मला खरंच वाईट वाटतं.

डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका, असं बजावून मी त्यांच्या हातात शंभर पानी वही दिली. पहिल्या पानावर दोन रकाने आखले: तारीख आणि साखर.