दोन इंच फोम आणि विदर्भ एक्स्प्रेसची रात्र

मुंबईत नोकरीला लागल्याला आता एकोणीस वर्षे झाली. एवढ्या काळात नागपूरला घरी जाताना मी बहुतेक वेळा विदर्भ एक्स्प्रेसच धरली आणि तीही स्लीपरच्या डब्यातून. ही गाडी संध्याकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते आणि 837 किलोमीटर तोडून सकाळी नऊच्या आतबाहेर नागपूरला पोहोचवते. शुक्रवारी ऑफिसातून थोडे लवकर निघून स्टेशन गाठले की शनिवारची आंघोळ घरी होते.

कल्याण मागे पडले की जेवणाचे डबे उघडू लागतात. कोणाकडे पोळी-भाजी असते, कोणाकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि समोरच्याला "घ्या थोडं" म्हटल्याशिवाय सहसा कोणी पहिला घास घेत नाही. गाडी कसाऱ्याला थांबते तेव्हा बऱ्याच जणांची जेवणे चाललेली असतात. येथे गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने लागतात, कारण कसारा ते इगतपुरी या थळ घाटात 37 फूट पुढे गेले की रूळ एक फूट वर चढतो. हा घाटमार्ग 1865 साली सुरू झाला. इंजिने जोडली गेल्याचा एक मऊ धक्का मागच्या डब्यांकडून पुढे सरकत येतो, पाण्याच्या बाटल्या जरा हलतात, मग गाडीचा आवाज जड होतो आणि बोगदे सुरू होतात. ऐन मे महिन्यातसुद्धा घाट चढत असताना खिडकीतून येणारा वारा गार होत जातो, आणि केवळ त्या वाऱ्यासाठी मी साइड लोअर मिळाला की मनापासून आनंदतो. इगतपुरीला मागची इंजिने सुटतात आणि डबा झोपेच्या तयारीला लागतो.

मधला बर्थ हा या तयारीतला नाजूक विषय. तो लावला की खालच्या प्रवाशाला ताठ बसता येत नाही आणि लावला नाही तर मधल्याला पाठ टेकायला जागा उरत नाही. मधल्या बर्थची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा अशी नियमाने ठरलेली आहे, पण नियम दाखवण्याची वेळ मी फार क्वचित पाहिली. नाशिक रोड जवळ आले की कोणीतरी "चला, बर्थ लावायचा का?" असे विचारतो, सगळे उठून चपला बाकाखाली सारतात, साखळ्यांचे आकडे कड्यांत खट्‌कन बसतात आणि वर चढणारा माणूस चढण्याआधी तळहाताने बर्थ दाबून पाहतो. त्या दाबण्यात पट्टीचा रेल्वेप्रवासी ओळखू येतो. घरून आणलेली चादर रेक्झिनवर पसरायची, तिचे टोक उशाशी खोचायचे, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळायचा आणि दिवा मालवायचा.

माझे वडील सत्तरच्या दशकात नोकरीच्या मुलाखतींसाठी याच मार्गाने मुंबईला येत, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या डब्यातले बर्थ लाकडी फळ्यांचे होते. सतरंजीची चौघडी करून घातली तरी फळ्यांमधल्या फटी पाठीवर उमटत, असे ते सांगतात, आणि अवघडलेली मान घेऊनच ते मुलाखतीला बसत. 1977 साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले आणि कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेलेले हे समाजवादी नेते त्या खात्यात दोन-सव्वादोन वर्षेच राहिले. पहिल्या वर्गाची सोय कमी न करता दुसऱ्या वर्गाची वाढवावी, ही त्यांची भूमिका होती, आणि तिच्यातून त्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. ही गाडीही नागपूरवरूनच जाते. रेल्वेच्या इतिहासात पूल आणि बोगदे पुष्कळ झाले, पण सामान्य माणसाच्या पाठीला थेट कळलेला इतका मोठा निर्णय मला दुसरा आठवत नाही.

म्हणूनच स्लीपरचे डबे कमी होताना पाहून मला वाईट वाटते. गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांमध्ये त्यांची जागा एसी थ्री-टियरने घेतली. एलएचबी नावाच्या नव्या बनावटीच्या स्लीपर डब्यात 72 ऐवजी 80 बर्थ असतात हे खरे, पण डबेच घटले तर त्या आठ बर्थांनी भरपाई होत नाही. एसीचे भाडे स्लीपरच्या दुपटीहून अधिक आहे, आणि घरी जाणारा शिकाऊ मुलगा किंवा बांधकामावरचा मजूर तो फरक सहज भरू शकत नाही. मग तो जनरलच्या डब्यात दाराशी उभा राहून रात्र काढतो. रात्रभर आडवे होऊन जाता येणे ही चैन समजली जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मागच्या दिवाळीत माझा लोअर कन्फर्म होता आणि समोरच्या काकूंना अपर मिळाला होता. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, सोबतीला कोणी नाही. त्या शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघाल्या होत्या. मी जागा बदलून दिली. आडव्या होण्याआधी त्या म्हणाल्या, "मले शेगाव आलं का उठवजो बाप्पा." मी मोबाइलमध्ये गजर लावला, पण भुसावळनंतर मला झोप लागलीच नाही, दर थोड्या वेळाने खाली वाकून पाहत होतो. मलकापूर गेल्यावर मी त्यांना हाक मारली तेव्हा त्या आधीच उठून बसल्या होत्या, मानेला बाक देऊन, मधल्या बर्थखाली मावतील तेवढ्याच. चादरीची घडी मांडीवर होती. शेगावला मी त्यांची पिशवी फलाटावर उतरवून दिली. अंधार अजून पुरता सरला नव्हता, आणि आमच्याच गाडीतून उतरलेले पाच-पंचवीस भाविक जिन्याकडे चालले होते. काकू त्यांच्यात मिसळून दिसेनाशा झाल्या.

गाडी हलल्यावर मी त्यांच्या रिकाम्या झालेल्या लोअरवर आडवा झालो. रेक्झिन अजून कोमट होते. अकोल्याला चहावाला ओरडत गेला तो मला अर्धवटच ऐकू आला, आणि जाग आली तेव्हा वर्धा आले होते.