वीस पानं, दोन तवे

नाशकात वीस पानांचं जेवण घालायचं ठरलं की शेजारच्या दोन घरांतले कुकर आपोआप आपल्या ओट्यावर येतात आणि त्यांच्यामागून पोळ्या लाटायला माणसंही. परदेशातल्या फ्लॅटमध्ये होळीला तेवढीच मंडळी बोलावणारा सामानाची यादी चोख करतो, वेलदोडे-जायफळासकट. हात आणि शेगड्या किती आहेत, ते मात्र मोजत नाही. मग शनिवारी दुपारी पाहुणे दारात बूट काढत असतात आणि तव्यावर जेमतेम सातवी पोळी असते.

गणित सोपं आहे. एक किलो हरभऱ्याची डाळ आणि एक किलो गूळ यांत पस्तीसेक पोळ्या होतात. एका पोळीला तीन मिनिटं धरली तर एका तव्यावर पावणेदोन तास. म्हणून दोन तवे हवेत, किंवा पोळ्या आदल्या रात्रीच करून ठेवाव्यात. त्यात कमीपणा काही नाही. पुरणपोळी शिळीच जास्त लागते म्हणणारे पंचवटीतही सापडतील. फक्त गरम पोळ्या एकावर एक रचू नयेत, वाफ धरून चिकटतात. पूर्ण गार झाल्यावरच डबा.

तवा नेतानाही विचार करावा. भांडी बाजारातून हौसेनं घेतलेला खोलगट लोखंडी तवा काचेच्या सपाट शेगडीवर डुगडुगतो, मध्यभागीच तापतो आणि पोळीच्या कडा कच्च्या राहतात. इंडक्शन असेल तर पितळी पातेलं आणि साध्या ॲल्युमिनियमचा कुकर, दोन्ही शोभेला; बुडाला लोहचुंबक चिकटला तरच उपयोग. मांडे करायचा तर विचारच नको, ते भाजायचं उपडं मातीचं खापर ठेवणार कशावर?

डाळ गुरुवारीच शिजवावी. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ आणि पाणी मिळून अर्ध्याच्या वर भरायचं नसतं, म्हणजे एका वेळी अर्धा किलोच. लंडनसारख्या ठिकाणी नळाचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ बोटचेपी होता होत नाही. चार-पाच तास भिजवून, कॅल्शियम कमी करणाऱ्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यात शिजवली की प्रश्न मिटतो. कट काढून साराला वेगळा ठेवावा. गूळ घालून पुरण आटवताना उलथनं मधोमध उभं राहिलं पाहिजे. तिथे घाई केली तर पोळी लाटताना फुटणार, आणि खापर कणकेवर फुटणार. पुरण गरम असतानाच वाटायचं. गार झालं की घट्ट बसतं आणि मिक्सर धापा टाकतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज टिकतं, पण लाटण्याआधी दोन तास बाहेर काढावं. मऊ कणीक आणि थंडगार कडक पुरण यांचं जमत नाही.

काळा मसाला तयारच न्यावा. सुकं खोबरं, कांदा, मिरच्या तिथे भाजायला घेतल्या की धुराचा अलार्म आधी बोंब मारतो; होळीची बोंब त्यानंतर. शेगडीवरची चिमणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पुष्कळ फ्लॅटमध्ये ती हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते. कुरडयाही म्हणून आदल्या दिवशी खिडक्या उघडून तळाव्यात आणि हवाबंद डब्यात भराव्यात. त्या नेताना पिशवीत नकोत, कडक डब्यात. नाहीतर पोचतो तो चुरा.

मसालेभाताला शेगडी अडवू नये. सव्वा किलो तांदूळ फोडणीत परतून दोन ट्रेमध्ये वाटावा, दुप्पट उकळतं पाणी, वर फॉइल घट्ट, आणि १८० अंशांवर ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास. हा भात ओट्यावर तासन् तास पडू देऊ नये. उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला बरा.

आणि पाहुण्यांना काय चालत नाही, ते आधी विचारावं. पंगतीत वाढून घेतलेलं पानात टाकू नये एवढंच आपल्याला शिकवलेलं, त्यामुळे हे विचारणं सुरुवातीला उद्धटपणाचं वाटतं. गव्हाचं न चालणाऱ्याला पोळी द्यायची नाही एवढं कोणालाही कळतं, पण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे निसटतं. म्हणजे सार, भात, बटाट्याची भाजी, सगळंच बाद. त्याच्यापुरती फोडणी बिनहिंगाची करावी. मसाल्यातले तीळ, कोशिंबिरीतला दाण्याचा कूट आणि मोहरीसुद्धा काहींना चालत नाही. तूप न खाणाऱ्यासाठी पहिल्या चार पोळ्या कोरड्या भाजून बाजूला काढाव्यात, मग तव्यावर तूप सोडावं.

वाढताना सार कागदी ताटलीत घालू नये, ते भाताखालून पोळीपर्यंत पोचतं. जाड कागदी पेल्यात प्रत्येकी पाऊण पेला द्यावं. चार लिटर पुरतं, पण भुरके मारणारे नाशिककर असतील तर पाच करावं.