पाऊणकीचे गुरुजी

समितीचे पत्र मिळाले. शाळेचा शतक महोत्सव आहे, स्मरणिकेसाठी दोन पाने लिहा, असा निरोप. माझ्याविषयी सांगण्यासारखे एवढेच की याच शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे बरीच वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले. शिकवताना जे चालले ते गुरुजींचे, जे फसले ते माझे. म्हणून इथे गुरुजींचा आठवडा लिहून ठेवतो. गुरुजी कोण ते सांगायला नको. आपल्या शाळेत गुरुजी पुष्कळ होऊन गेले, पण नुसते 'गुरुजी' म्हटले की कोण, हे वाडीत अजून सगळ्यांना कळते. मजकूर लांबला तर संपादकांनी हा परिच्छेद कापावा, पुढचे कापू नये.

शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे पडवीत, तिसरी-चौथी गुरुजींकडे मधल्या खोलीत. पण सोमवारचा पहिला तास गुरुजी दुसरीवर घेत. हातचा तिथे चुकला की सातवीपर्यंत चुकत राहतो, असे त्यांचे मत होते. साहित्य म्हणजे माडाचे हीर, झापाच्या पात्यांमधल्या काड्या. वीतभर लांबीचे तुकडे करायचे, दहांची जुडी केळीच्या सोपटाने बांधायची, दहा जुड्यांचा एक भारा. ३२ मधून १७ वजा करायचे तर समोर तीन जुड्या आणि दोन सुटे हीर. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडायची. सुटे झाले बारा, त्यातले सात उचलले, पाच राहिले. उरलेल्या दोन जुड्यांतली एक गेली, एक राहिली. पंधरा. सोडलेले सोपट मात्र टाकायचे नाही, फळ्याखालच्या खिळ्याला अडकवायचे. सोपट लोंबताना दिसले की एक जुडी कमी झाली आहे, हे मूल विसरत नाही.

हीर हिरव्या झापाचे घेतले तर घोटाळा होतो. सुकले की ते बारीक होतात, जुडी ढिली पडते, एखादा हीर निसटतो आणि जुडीत नऊच राहतात. मग उत्तर चुकते आणि मूल आपलेच चुकले समजते. म्हणून हीर आठ-दहा दिवस उन्हात टाकून मगच जुड्या बांधायच्या, आणि तासाला बसण्याआधी प्रत्येक जुडी स्वतः मोजायची. हीर नसतील तर चिंचोके चालतात. काजूच्या बिया गुरुजी घेत नसत. ओल्या बीच्या टरफलातले तेल बोटांची साल काढते, आणि सुकी बी शनिवारपर्यंत शिल्लक राहत नाही.

पावसाळ्यात रोजचे एक काम जास्त. अंगणाच्या मध्यावर एक उभट, सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा, चारी बाजूंनी जांभ्याचे तुकडे लावून घट्ट बसवलेला. डब्याचे तोंड जमिनीपासून फूटभर वर, नाहीतर अंगणातले शिंतोडे आत जातात. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुपटीइतके तरी अंतर सोडायचे. पागोळीजवळ डबा ठेवणाऱ्याचा पाऊस नेहमी गावापेक्षा जास्त असतो! बाटली घेतली तर गळा अरुंद आणि पोट रुंद, म्हणजे हिशेब आला. सरळ डब्यात जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस, भागाकार-गुणाकार काही नाही.

वेळ सकाळी साडेआठची, कारण हवामान खात्याचे मापही त्याच वेळी घेतात. शाळा भरायची अकराला, म्हणून जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या असत, रविवारीही. मोजायची पट्टी पातळ हवी, जाड लाकडी पट्टी आत गेली की पाणीच वर चढते. ओली खूण दिसत नाही, म्हणून पट्टीला आधी खडू घासायचा. बुडालेला भाग गडद होतो आणि रेघ स्वच्छ दिसते. आपल्याकडे आषाढात दिवसाला १५० मिलिमीटर होणे काही अप्रूप नाही. डबा तेवढाच उंच होता, तो भरून वाहायचा. अशा दिवशी वहीत '१५० च्या वर' एवढेच लिहायचे, अंदाजाने १८० लिहायचे नाही. याबाबतीत गुरुजी फार कडक. पुढचे दोन दिवस मग सकाळ-संध्याकाळ दोन वेळा माप.

शुक्रवारी त्या वहीतून चौथीचे उदाहरण निघे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर धरले तर ५० मिलिमीटर पावसात ५,००० लिटर पाणी पागोळ्यांतून जाते. इथे प्रत्येक वर्षी अर्धा वर्ग उतरत्या कौलांचे क्षेत्रफळ घ्यायचा. पाऊस वरून पडतो, तेव्हा छपराखाली झाकलेली जमीन मोजायची, कौले नव्हे. हे वहीवर पटत नाही. गुरुजी पाटी आधी आडवी आणि मग तिरकी करून तिची सावली दाखवत, तेव्हा पटे.

मंगळवारी शुद्धलेखन, बुधवारी नकाशा. त्यात सांगण्याजोगे विशेष काही नाही, ते सगळ्याच शाळांत होते.

गुरुवार खाडीचा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, सोळा आणे गेले, आणि हळूहळू पावकी-निमकीचे, म्हणजे पाव-अर्ध्याचे, पाढेही शाळांतून गेले. आपल्या शाळेत एक राहिला, पाऊणकी. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. हा पाढा नव्हे, भरतीचे घड्याळ आहे. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ आली. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसाही आणि रात्रीही. होडीवाल्यांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण गुरुजींनी ते तपासायला लावले.

धक्क्याच्या आतल्या अंगाला, जिथे लाट येत नाही, एक बांबू रोवलेला आणि त्यावर दर दहा सेंटिमीटरला डांबराचा पट्टा. वहीत पाच रकाने: वार, तिथी, पाढ्याने आलेली वेळ, पाहिलेली वेळ, फरक. अडचण अशी की भरतीच्या माथ्यावर पाणी बराच वेळ हलतच नाही, मग नेमकी वेळ कुठली लिहायची? त्यावर गुरुजींची तोड अशी. माथ्याआधी पाणी एका पट्ट्यावर चढले ती वेळ टिपायची, उतरताना त्याच पट्ट्याखाली गेले ती वेळ टिपायची, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. ३ वाजून ५ मिनिटांनी चढले, ४ वाजून १५ ला उतरले, तर भरती ३ वाजून ४० ला.

फरक कधी पाच मिनिटे, कधी जवळजवळ तास. त्याचीही कारणे वहीत लिहावी लागत. तिथी मध्यरात्री बदलत नाही, ती पंचांगाप्रमाणे भलत्याच वेळी लागते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती रोज ४० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तासाहूनही जास्त, पाढा मात्र सरसकट पाऊण तास धरतो. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा. आणि नदीला पूर असला की गणितच सोडून द्यायचे.

एका गुरुवारी तिसरीतल्या एका मुलीने विचारले, की अमावास्येला पाढ्याने येतात सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला येतो पाऊण, म्हणजे मध्ये दीड तास गेला, पाऊण नव्हे. हे कसे? गुरुजींनी खडू खाली ठेवला. 'उद्या सांगतो' म्हणाले. चौथीच्या पोरांना हसू आले, कारण गुरुजींना उत्तर आले नाही असे कधी झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढेच लिहिलेले होते: १५ × ४५ = ६७५, १२ तास = ७२० मिनिटे, कमी पडली ४५. ही ४५ पंधरा तिथींना वाटली की वाट्याला येतात तीन-तीन मिनिटे. म्हणजे खरा आकडा ४८. आणि ४८ मिनिटे म्हणजे दोन घटका. घटका २४ मिनिटांची. जुन्या माणसांचा हिशेब तिथीला दोन घटकांचा असणार, घड्याळ आल्यावर तोंडी सोपे पडावे म्हणून पाऊण तास झाला असेल, असे गुरुजी म्हणाले, आणि 'असेल' या शब्दावर दोनदा जोर दिला. त्या मुलीच्या नावाने वहीत सहावा रकाना आला: 'दोन घटकांनी आलेली वेळ'. शाळा सुटेपर्यंत आमच्यातल्या कुणाच्याही नावाचा रकाना झाला नाही.

शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि सारवण. सारवण भिंतीकडून दाराकडे मागे मागे येत करायचे, शेण पळीवाढे. जाड झाले तर सोमवारी पोपडे निघतात. आता फरशी आहे, त्यामुळे ही विद्या वाया गेली तरी कुणाचे नुकसान नाही. पाऊणकीचे मात्र वाईट वाटते. भरतीची वेळ मोबाइलवर मिनिटासकट मिळते, ती बरोबरही असते, पण मुलांना तपासायला काही उरत नाही. आणि तपासणार कोण? पट दोन आकडी राहिलेला नाही. वर्गात भिंतीएवढा पडदा आहे आणि त्याच्यासमोर चार मुले. बांबू गेला, पावसाचा डबा गेला. वह्या माळ्यावर होत्या, छप्पर बदलताना गेल्या असे ऐकतो. कुणाच्या घरी एखादी असेल तर प्रदर्शनात ठेवावी, कव्हर नसले तरी चालेल.

जाता जाता समितीला एक सूचना. महोत्सवाचा दिवस त्रयोदशीचा आहे. पाढ्याने भरती पावणेदहाला, त्या मुलीच्या रकान्याने १० वाजून २४ ला. म्हणजे पलीकडच्या वाडीतून तरीने, म्हणजे होडीने, येणारे सकाळी थेट पायऱ्यांना लागतील. पण समारोप तुम्ही चारला ठेवला आहे, आणि चार ते साडेचार पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाजवळची. म्हाताऱ्या माणसांना गुडघाभर चिखलातून तरीपर्यंत जावे लागेल. समारोप अडीचला उरकावा, नाहीतर चहा सातपर्यंत लांबवावा.