लोणारला दोन मुक्काम: पिठाची परात, हळदीच्या पट्ट्या आणि 'गोटी कुठाय?'

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. मोठी आठ वर्षांची, धाकटा नुकताच पाच पूर्ण झालाय. त्यामुळे फिरायला जायचं ते मंगळवार-बुधवारी, सगळे आपापल्या कामावर असताना. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून लोणारला, उल्का आदळून झालेल्या प्रचंड खड्ड्यातलं तळं बघायला, जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात घरच्या परातीपासून झाली. परातीत चार बोटं उंचीचं कणकेचं पीठ दाबून बसवलं, त्यावर हळदीचा पातळ थर चाळला आणि मुलांना स्टुलावर उभं करून गोट्या टाकायला सांगितलं. खड्डा गोटीपेक्षा बराच रुंद पडतो आणि आतलं पांढरं पीठ हळदीवर चहूकडे उडतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं. मग लोणारचा फोटो दाखवला. धाकट्यानं एकच विचारलं, "मग त्यातली गोटी कुठाय?" मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, तिथे जाऊन शोधू. ते पीठ चाळून, हळदीसकट, त्याच दिवशी थालीपिठात गेलं.

दुसरी तयारी हळदीच्या पट्ट्यांची. दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवायची, जाड टिपकागद त्यात बुडवून वाळवायचा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. हळदीच्या डागावर साबण लागला की कपडा लाल होतो तो याचमुळे, हे आजीला आधीपासून ठाऊक होतं. लोणारचं पाणी खारट आणि चांगलंच अल्कधर्मी (साबणाच्या पाण्यासारखं) आहे, म्हणजे तिथे पट्टी लाल व्हायला हवी. व्हायला 'हवी', एवढंच सांगून ठेवलं.

पुण्याहून लोणार साधारण पावणेचारशे किलोमीटर. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा असा आमचा रस्ता. मुंबईकरांना समृद्धी महामार्गाने येऊन मेहकरला उतरता येईल. रेल्वेने यायचं तर जालना गाठायचं आणि पुढे गाडी किंवा एसटी. आम्ही पहाटे पाचला निघालो, जेवणासकट पोचायला दुपारचे अडीच वाजले. धाकट्याला गाडी लागते. त्याला निघण्याआधी दूध न देता कोरडी भाकरी दिली आणि पुढच्या खिडकीजवळ आजीच्या शेजारी बसवलं, तर या वेळी निभावलं.

पहिल्या दिवशी खाली उतरायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. एवढा प्रवास करून मुलं चिडचिडी झालेली असतात आणि उतरलं की चढायचं असतंच. संध्याकाळी फक्त काठावर जाऊन बसलो. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास, हे आकडे वाचलेले होते. पण काठावर उभं राहिल्यावर मोठी बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आपली सोसायटी आत ठेवली तर दिसणार पण नाही." पन्नास मजली इमारत उभी केली तर जेमतेम काठाला लागेल, हे तिनंच वहीत भागाकार करून काढलं.

आजीनं तिथे बसून लवणासुराची गोष्ट सांगितली. जमिनीखाली दडून बसलेला राक्षस, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं उडवलेलं वरचं झाकण आणि ते झाकण लांब जाऊन पडलं त्याची झालेली टेकडी. धाकटा मध्येच ओरडला, "पीठ उडालं तसं!" खड्ड्यातला खडक खरंच बाहेर फेकला गेलेला आहे आणि काठाबाहेर सभोवती त्याचा थर पसरलेला आहे. आम्हाला ठरवूनसुद्धा जमलं नसतं अशी ही गाठ त्यानं मारली. गोष्ट आणि भूगोल यातलं एक खोटं ठरवायची घाई आम्ही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काठावरच्या 'धार' या झऱ्यापाशी होतो. गोमुखातून पडणाऱ्या त्या धारेचं पाणी गोडं आहे. आमच्या मोठीनं पहिली पट्टी तिथे भिजवली. पिवळीच राहिली. शेजारी पाणी भरायला आलेल्या एका आज्जींनी तिला विचारलं, "शाळा नाही काय वं तुले?"

"मी घरी शिकते."

"मंग इथं काय शिकून राहिली?"

हिनं पट्टी दाखवली आणि खाली तळ्यात ती लाल होईल असं सांगितलं. आज्जी म्हणाल्या, "लाल झाली का वर येऊन सांगजो." घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हा शाळेचा प्रश्न प्रत्येक प्रवासात येतो. पूर्वी मी घाईघाईनं उत्तर देऊन मोकळी व्हायचे. आता मुलीला बोलू देते.

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. वाट दगडी पायऱ्यांची आणि पुढे झाडीतली आहे. ठिकठिकाणी पायऱ्या उखडलेल्या आहेत, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूटच हवेत. आजी वरच थांबल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली जाऊ नये असंच मी म्हणेन, काठावरून दिसतं ते कमी नाही. आत अभयारण्य आहे. माकडं भरपूर, मोर दिसले, आणि खाऊची पिशवी हातात धरली की माकडं ती ओढतात. सगळं पाठीवरच्या बंद बॅगेत असू द्या. खाली दुकान नाही, प्यायचं पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. माणशी किमान दीड लिटर पाणी घ्या, वर एक जास्तीची बाटली हात धुवायला.

तळ्याच्या पाण्याजवळ वास येतो, कुजल्यासारखा. धाकट्यानं नाक दाबलं. कडेचा चिखल भुसभुशीत आहे आणि पाय खोल जातो, म्हणून मुलांचा हात सोडू नका. पाण्यात खेळू देण्याचं हे ठिकाण नाहीच. आम्ही काठीच्या टोकाला चिमट्यानं पट्टी लावली आणि लांबूनच बुडवली. बाहेर काढेपर्यंत ती विटकरी लाल झालेली होती. मोठीनं ओरडून माकडं पळवली.

या तळ्यात सूक्ष्मजीव खूप आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आम्हाला पाणी हिरवं दिसलं. गुलाबी पाण्याच्या आशेनं जाऊ नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

कमळजादेवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट अशी तिची ख्याती. मोठीनं तिच्यासाठी दोन पट्ट्या राखून ठेवल्या होत्या. तळ्याचं पाणी वाढलेलं असल्यामुळे तिथवर जाता आलं नाही. ती रडली. निघण्याआधी वनखात्याच्या फाटकावर कुठली वाट चालू आहे ते विचारून घ्या, पाण्याची पातळी दर वर्षी वेगळी असते.

आणि गोटी? धाकटा तासभर प्रत्येक काळा दगड उचलून बघत होता. (इथून दगड किंवा पाणी घरी न्यायचं नाही, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.) शेवटी तिथेच एका खडकावर बसवून सांगितलं, की आदळताना इतकी उष्णता झाली की ती गोटी, म्हणजे उल्का, वितळून, वाफ होऊन गेली. त्या दणक्यानं खडकातल्या काही खनिजांचीही काच झाली, आणि त्या काचेवरून शास्त्रज्ञांना कळलं की हा खड्डा ज्वालामुखीचा नाही. "कधी पडली?" पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षं सांगत, २०१० मधल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार आली. मोठीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते खोडायला मी सांगितलं नाही.

चढायला दीड तास लागला. नऊपर्यंत परत फिराच, नंतरचं ऊन डिसेंबरातही मुलांना झेपत नाही. वर पोचल्यावर मोठी धावत धारेकडे गेली, पण आज्जी निघून गेल्या होत्या. दुसरा मुक्काम होता म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथे गेलो. आज्जी भेटल्या. पट्टी त्यांनी कपाळाजवळ धरून नीट पाहिली आणि म्हणाल्या, "कुंकवावानी झाली." कुंकू हळदीचंच करतात, हे त्यांनीच मुलीला सांगितलं. एका मुक्कामात हे घडलं नसतं. घाई असणाऱ्यांनाही मी दोन मुक्काम करा असंच सांगेन.

गावातलं दैत्यसूदन मंदिर दुपारी पाहा, आत गारवा असतो. छतावरची शिल्पं बघायला विजेरी लागते आणि मुलांना पाठीवर झोपून बघू द्या, मान दुखत नाही. मोठ्या मारुतीचं मंदिर आमचं बघायचं राहिलं. राहायच्या जागी गरम पाणी मिळालं नाही, म्हणून विजेची किटली नेली होती ती देवासारखी उपयोगी पडली. जेवण साधं, भाकरी आणि पिठलं. मुलांसाठी तिखट कमी करायला आधीच सांगा.

परतताना सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थळ पाहिलं. १२ जानेवारीच्या जयंतीला तिथे अतोनात गर्दी असते, लहान मुलं असतील तर ते दिवस टाळा.

पट्ट्यांबद्दल एक राहिलं. त्या सावलीत वाळवा आणि डब्यात बंद ठेवा. आमच्या चार पट्ट्या गाडीत काचेपाशी राहिल्या, उन्हानं पिवळा रंग उडाला. विहिरीसाठी राखलेल्या दोन मात्र मोठीनं वहीत घालून ठेवल्या आहेत, पाणी उतरेल तेव्हासाठी.